कार्डाचा गडगा

बँकेच्या डेबिट कार्डावरील दैनिक मर्यादा पुष्कळांस जाचक वाटते. आमचें मत भिन्न आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ पासून स्टेट बँकेनें क्लासिक कार्डावर एटीएममधून दररोज काढावयाची रक्कम ४०,००० वरून २०,००० रुपयांवर आणिली; फसवणुकीच्या तक्रारी हें त्याचें एक कारण होतें. पुढें रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वयें, १ ऑक्टोबर २०२० पासून, बँकेच्या कमाल मर्यादेच्या आंत आपली मर्यादा ठरविण्याची सोय खातेदारास मिळाली. रत्नागिरीच्या बागाइतदारास गडग्याचें मोल सांगणें नको. गडगा चोरासाठीं, बेडें धन्यासाठीं! दुखण्याबाणण्यांत मर्यादा वाढवितां येते; लुटलेली पुंजी परत मिळविणें दुर्घट. तरी विद्यार्थिमित्रहो, घरच्या वृद्धांस विचारून त्यांच्या कार्डाची मर्यादा नित्य खर्चापुरतीच ठेवण्यास त्यांना साहाय्य करा.