चित्रातला धूर कुणाच्या छातीत?

दरवर्षी 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, शाळाशाळांत चित्रकला स्पर्धा होतात. बक्षीस बहुधा ठरलेल्या चित्राला मिळते : हिरवेगार झाड, हसणारी पृथ्वी आणि खाली घोषवाक्य. मुंबईत देवनारच्या कचराभूमीजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाने रोज दिसते तेच काढायचे ठरवले, तर कागदावर एका बाजूला टॉवरमधून निघालेली कचऱ्याची गाडी असेल. दुसऱ्या बाजूला कचऱ्याचा डोंगर, धूर आणि खोकणारी धाकटी बहीण. परीक्षकांना हे चित्र विषय सोडून वाटेल. वास्तविक विषय त्यालाच नेमका कळलेला असतो.

देवनारला मुंबईचा कचरा 1927 पासून टाकला जातो. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा साऱ्या शहराचा होता, त्याचा धूर मात्र सर्वाधिक सोसला तो गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांनी.

अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडकत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात अधिक धूर जातो, तोही फुप्फुसे वाढत असताना. जोडीला कोंदट खोली आणि अपुरा आहार असेल, तर दमा आणि क्षयरोग बळावतात. डॉक्टर इनहेलर लिहून देतो, पण मूल परत जाते ते त्याच हवेत.

प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच म्हटले आहे. तो हक्क पिनकोड पाहून मिळू नये. अशा वस्त्यांतील शाळांजवळ हवा नियमित मोजली जावी आणि शालेय आरोग्य तपासणीत दम्याची चौकशी आवर्जून व्हावी. ओला कचरा ढिगाऱ्यात कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तोच आगीला खतपाणी घालतो. म्हणून ओला-सुका कचरा वेगळा करणे हे दुसऱ्याच्या मुलाच्या फुप्फुसांची काळजी घेणेही आहे.

अशा चित्राला बक्षीस मिळाले नाही तरी चालेल. ते वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत मात्र पोहोचले पाहिजे.