नजरेची जरब

वर्गात मी बोलता बोलता थांबलो आणि नुसता चष्मा काढून पाहिले, की मागच्या बाकावरची कुजबुज बंद होते. वीस वर्षांच्या प्राध्यापकीत कमावलेली ही विद्या. खरे सांगायचे तर तिचा मला थोडा अभिमानही होता. घरीही तिचाच अंमल. जिन्यात माझ्या चपला वाजल्या की आमच्या चिरंजीवांच्या हातातले पुस्तक बदलते, हे मला ठाऊक होते. मी त्याला शिस्त म्हणत असे.

गेल्या श्रावणात चिरंजीव मूलच्या रस्त्यावर सायकलवरून पडले. ट्रकांची वर्दळ फार, म्हणून त्या रस्त्याला जायचे नाही असे मी बजावून ठेवले होते. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते, आणि दोन दिवस त्याने ते कोणाला कळू दिले नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, डावा हात मांडीवर ठेवून तो मुकाट्याने जेवत होता. शेवटी त्याच्या आईच्या ध्यानात आले. डॉक्टरांनी विचारले, "अहो, लगेच का नाही आणलेत?" तेव्हा पोरगा माझ्याकडे पाहू लागला.

प्लास्टरच्या हातामुळे पुस्तक धरून पान उलटणे त्याला जमेना, म्हणून ते काम माझ्याकडे आले. आणि उशीखालून ते लपवलेले पुस्तक निघाले! एक जपानी चित्रकथा. आपल्या हिशेबाने शेवटच्या पानापासून सुरू होणारी आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. तिचे नाव 'वन पीस'. एइचिरो ओडा नावाच्या गृहस्थांनी ती १९९७ साली सुरू केली. समुद्री चाच्यांची गोष्ट. तीत 'हाकी' म्हणून एक मनोबलाची शक्ती आहे. तिचा राजेपणाचा प्रकार फारच थोड्यांना, तोही जन्मतःच लाभतो. असा वीर हात न उगारता नुसता उभा राहतो, आणि समोरची दुबळ्या मनाची फौज धडाधड बेशुद्ध पडते. पहिल्याच प्रकरणात शँक्स नावाचा चाचा एका अजस्र जलचराकडे रोखून पाहतो, आणि ते धूड पळ काढते.

"हे कसे शक्य आहे?" मी म्हणालो.

"बाबा," चिरंजीव प्लास्टर सावरीत म्हणाले, "तुम्ही तेच तर करता!"

वाचकहो, मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. मराठीचा मास्तर असल्यामुळे मी शब्दांकडे वळलो. धाक घरात असतो, वचक कारभारात असतो, दरारा मुलखावर पसरतो आणि जरब नजरेत असते. या गोष्टीसाठी इतके शब्द आपल्याकडे आहेत, म्हणजे अनुभवही तसाच दांडगा असला पाहिजे! आणि आम्हा चंद्रपूरकरांना तर तो अंगणाबाहेरच मिळतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आमच्या शेजारीच आहे. वाघाची डरकाळी ऐकून पाय जागच्या जागी थिजतात, हे इथल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. त्या आवाजात आपल्या कानाला ऐकूही येत नाही इतका खालच्या पट्टीचा नाद असतो, हे अभ्यासकांना पुढे आढळले.

पण वाघ जरब दाखवतो ती शौर्यापायी नव्हे. वाघाला पोट शिकारीवर भरावे लागते. झुंजीत पंजा जायबंदी झाला, तर जिंकूनही त्याला उपाशी मरावे लागेल. म्हणून तो झाडावर ओरखडे काढून हद्द सांगतो, गुरगुरतो, आणि पुष्कळदा अंगावर धावून येऊन मध्येच थांबतो. झुंज टळावी म्हणूनच हा सारा देखावा.

ताडोबाच्या वाटेवरच्या एका गावात मोहफुले वेचणाऱ्या एका बाईंशी माझे बोलणे झाले होते. चैत्रात मोहाची फुले रात्री गळतात, ती पहाटेच वेचावी लागतात. वाकून वेचणारे माणूस वाघाला चार पायांचे जनावर वाटण्याचा धोका असतो. एका पहाटे बांबूतून वाघीण गुरगुरत धावून आली. या तिघीजणी ताठ उभ्या राहिल्या, एकमेकींना चिकटल्या, ओरडल्या आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरकल्या. वाघीण थांबली. सगळ्यांचेच दैव असे नसते. दरवर्षी या दोन जिल्ह्यांत माणसे बळी जातात. "पुन्हा जाता?" मी विचारले. "भेव त लागतेच जी," बाई म्हणाल्या, "पन पोट काई घरी बसून भरते का?"

त्या जपानी पुस्तकात मनाचा पक्का माणूस बेशुद्ध पडत नाही. बाईंनी मला त्याचे कारण सांगून टाकले. भीती तिलाही वाटते. फक्त तिच्यापाशी भीतीहून मोठे असे काहीतरी असते.

ही कसोटी मग मला आमच्या गावच्या इतिहासातही दिसली. आजच्या गडचिरोलीतल्या मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाकेंनी १८५७ साली गोंड तरुणांची फौज उभारली. इंग्रजांनी त्यांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळावर फाशी दिली. वय अवघे पंचवीस. लोककथा त्यांच्या अंगी अमानुष शक्ती असल्याचे सांगतात. सरकारला मुलखावर दरारा बसवायचा होता. आज त्या वेळच्या डेप्युटी कमिशनरचे नाव चंद्रपुरात कोणाला आठवत नाही. त्या पिंपळापाशी मात्र दिवाळीच्या सुमारास दरवर्षी लोक हात जोडायला येतात, आणि २००९ साली बाबुरावांचे टपाल तिकीटही निघाले.

तेव्हा मला वाटते, दरारा ही एक हुंडी आहे. ती वटवायला कोणी येत नाही, तोवरच सावकार श्रीमंत! माझ्या पोराने ती वटवायला आणली नाही. मोडलेले हाड घेऊन दोन दिवस गप्प बसला. माझी पत शाबूत राहिली आणि नुकसान त्याच्या मनगटाचे झाले. वाघाची जरब निदान दोघांचेही रक्त वाचवते. माझ्या जरबेने काय वाचवले?

प्लास्टर निघाले. पुस्तक आता टेबलावर उघडे असते. नवरात्रात एकदा चिरंजीव आपण होऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, चाचणीत गणितात नापास झालो."

सवयीने माझा हात चष्म्याकडे गेला. मी पाहिले. पोरगा जागचा हलला नाही. जरा घाबरला होता, पण माझ्याकडेच पाहत होता.

मी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणालो, "बस. कुठे अडले, दाखव."