विश्लेषण : डोंगरावरचे प्रत्येक पिवळे फूल सोनकी नव्हे!

पाऊस ओसरू लागला, की सह्याद्रीचे सडे आणि किल्ल्यांचे उतार सोनकीने पिवळे होतात. अलीकडे पुण्याच्या टेकड्या, महामार्गांच्या कडा आणि पडीक रानेही याच दिवसांत पिवळी-केशरी दिसू लागली आहेत. समाजमाध्यमांवर दोन्हींची छायाचित्रे ‘सोनकी बहरली’ म्हणून फिरतात. दुसरी वनस्पती मात्र कॉसमॉस आहे आणि तिचे कौतुक महागात पडू शकते.

फरक कसा ओळखायचा?

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळात ज्याला एक फूल म्हटले जाते, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्यामुळे लांबून गफलत होणे साहजिक. जवळ जाऊन पान पाहावे. सोनकीचे पान अखंड, कडेला दातेरी. कॉसमॉसचे बारीक चिरलेले, झेंडूच्या पानाची आठवण करून देणारे. सोनकी सहसा गुडघ्या-कमरेपर्यंत राहते, कॉसमॉस माणसाच्या उंचीला पोहोचतो. सोनकीच्या बियांना पांढरे केस असतात. तिच्या ‘सेनेसिओ’ या प्रजातिनामाचे मूळ लॅटिनमधल्या ‘म्हातारा’ या अर्थाच्या शब्दात आहे. मराठी मुलेही वाऱ्यावर तरंगणाऱ्या अशा बीला ‘म्हातारी’च म्हणतात!

कॉसमॉस आला कुठून?

मूळचा मेक्सिकोकडचा. शोभेचे झाड म्हणून तो बागांत आला, रस्तादुभाजकांवर लावला गेला आणि कुंपणाबाहेर पडला. त्याचे लांबट बी कपड्यांना, जनावरांच्या केसांना अडकून पसरते. पाणी, खत, निगा काहीच लागत नाही. रोपवाटिकांना जो गुण वाटतो, तोच इथे दोष ठरतो.

मग बिघडले कुठे?

त्यावर मधमाश्या, फुलपाखरे येतात, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण खांद्याइतक्या दाट वाढीखाली गवताला आणि पावसाळी रानफुलांना ऊन मिळत नाही. माशीला एकाच झाडाचा मध मिळाला, म्हणून टेकडी समृद्ध होत नाही. पुण्याने तरी हे ओळखायला हवे. याच कुळातले गाजरगवत 1955 च्या सुमारास याच शहरात प्रथम नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. ते दिसायला कुरूप, त्यामुळे त्याचा राग तरी आला. कॉसमॉस देखणा आहे, हीच अडचण. त्याच्या ताटव्यात उभे राहून सेल्फी काढणाऱ्यांना तो उपटायला सांगणार कोण?

काय करता येईल?

पहिली गोष्ट फुकटची आहे: ‘डोंगर सजवण्यासाठी’ बी उधळणे थांबवावे. सुशोभीकरणाच्या यादीतून पालिकांनीही तो वगळावा. कॉसमॉस एका हंगामात जगून मरतो, म्हणून बी धरण्याआधी मुळासकट उपटणे हा साधा उपाय आहे. जमिनीत आधी पडलेले बी पुन्हा उगवते, त्यामुळे एका रविवारच्या श्रमदानाने काम संपत नाही. उपटणाऱ्यांच्या गटात सोनकी ओळखणारा निदान एक जण असावा. नाहीतर उत्साहाच्या भरात तीही उपटली जाते.