तपासणी दोघांची हवी



आषाढातल्या अष्टाह्निकेत आमच्या बस्तीत सिद्धचक्र विधान झालं. माझ्या शेजारी माझी भाचेसून बसली होती. मागून एक काकू वाकून तिला म्हणाल्या, "यंदा तरी मनापासून कर गं, गोड बातमी येईल." ती नुसती हसली. मी मात्र मान खाली घातली. कारण गेली तीन वर्षं हेच मीही तिला ऐकवत होते. तिची परवानगी घेऊनच आज हे लिहिते आहे.

या तीन वर्षांत तिनं काय नाही केलं? रक्ताच्या तपासण्या, महिन्या-महिन्याला सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे आणि शेवटी भूल देऊन पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी. शिवाय पद्मावती मातेची ओटी, एकाशनं, उपवास. सगळं तिनंच. मग डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?"

रिपोर्ट नव्हताच. आधीच्या दवाखान्यात कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वहिनी तर म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहे." रिपोर्ट आला तेव्हा कळलं, शुक्राणू बरेच कमी आहेत. वृषणाजवळच्या नसा फुगल्या होत्या. याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असतं. अनेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, पण मूल न होण्यामागचं ते एक नेहमीचं कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि अशा साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये नवऱ्याकडचंही कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणासोबत. तरी आपल्याकडे वांझ हा शब्द बाईलाच.

गंमत बघा. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसले १६७७ मध्ये. स्त्रीबीज दिसायला १८२७ साल उजाडलं. म्हणजे पुरुषाकडचं विज्ञानाला दीडशे वर्षं आधी दिसलं, पण घरात आपल्याला ते अजून दिसत नाही!

तपासणीही किती साधी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा आणि वीर्याचा नमुना लॅबमध्ये द्यायचा. सुई नाही, भूल नाही. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही सध्या खालची रेषा धरतात. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे, आणि पुरुषत्व कमी असंही मुळीच नव्हे. एका रिपोर्टवर ठरवायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायचा. तंबाखू-गुटखा, मधुमेह, वयात आल्यावर झालेलं गालगुंड, अशी कारणंही असू शकतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून व्यसन सोडल्यावर फरक दिसायला किमान तीन महिने धीर धरावा लागतो. आणि १९९२ पासून तर एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडण्याचं तंत्रही उपलब्ध आहे. म्हणजे रिपोर्ट वाईट आला तरी वाट संपत नाही.

मला खरी टोचणी आहे ती वेळेची. पुरुषाचे शुक्राणू रोज नवे तयार होतात. बाईची बीजं मात्र जन्मतःच मोजकी असतात आणि पस्तिशीनंतर झपाट्यानं कमी होतात. "आधी तिचं बघू, मग वाटलं तर त्याचं" या एका वाक्यापायी माझ्या भाचेसुनेची तीन वर्षं गेली. ती परत कुठून आणू?

कुणी म्हणेल, हे पूर्वकर्म आहे. असेल. पण कर्म काय एकट्या बाईलाच चिकटतं? अनेकांत मानणारे आपण, आणि घरात मात्र एकच बाजू बघायची?

विधानाला मैनासुंदरीची कथा आपण भक्तीनं ऐकतो. तिनं सिद्धचक्राची पूजा केली ती नवऱ्याच्या आजारासाठी. श्रीपालाला कुष्ठ होतं आणि ते कुणी झाकून ठेवलं नव्हतं. आम्ही तीच पूजा सुनेकडून करून घेतली, पण दोष कुठे आहे हे न बघताच तो तिच्या पदरात टाकला.

श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही. माझी भाचेसून पुढच्या अष्टाह्निकेतही पूजेला बसेल. पण आता भाचाही तिच्याबरोबर दवाखान्यात जातो आणि त्याचे उपचार सुरू आहेत.

तुमच्या घरात, भावकीत असं जोडपं असेल तर एवढंच करा. वर्षभर वाट पाहून मूल राहिलं नाही, किंवा बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांना एकाच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. मुलाला हे सांगायचं काम सुनेवर टाकू नका. त्याच्या आईनं सांगावं, आत्यानं सांगावं. मी तीन वर्षं उशिरा सांगितलं. तुम्ही वेळेत सांगा.