पाठ केलेला मुलगा

नवशिक्याला ‘मुलगा काढ’ म्हटले, की तो समोरच्या मुलाकडे फारसे पाहत नाही. मनात आधीच तयार असलेला मुलगा कागदावर उतरवतो. चाळिशीनंतर पेन्सिल हाती घेतलेल्या आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचेही तेच झाले. महाविद्यालयाच्या पहारेकऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा पायरीवर उभा होता. आम्ही काढला तो मात्र बुटका बाप्या!

चूक मापाची होती. प्रौढाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते. या वयाच्या मुलाची साधारण सहा पट. प्रौढाचे डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, मुलाचे त्याहून किंचित खाली. आम्ही डोके लहान काढले होते आणि कपाळ जवळजवळ गिळले होते.

मापे सुधारली, मूल दिसू लागले. पण ते हे मूल नव्हते. शाळेत इंटरमिजिएट परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी घोटलेला पतंगवाला मुलगाच पुन्हा अवतरला होता. तिसऱ्या खेपेस आम्ही नुसते पाहिले. त्याचा भार एका पायावर होता. मोठ्या भावाचा सदरा एका खांद्यावरून घसरला होता. रेषा वाकड्या आल्या, पण मुलगा म्हणाला, “हा मीच की!”

म्हणून आमचे मत असे, की प्रमाणे अवश्य शिकावीत, पण नमुना गिरवू नये. आमच्या वर्गातल्या निबंधांतही ‘गरीब, होतकरू मुलगा’ असाच पाठ केलेला असतो. त्याला गुण देणारे आम्हीच, हे मात्र पेन्सिल धरल्यावर उमगले.