डिंक आणि तीर्थयात्रा

युद्धकाळांतील इंग्रजी बोलपटांपैकीं ‘अ कॅंटरबरी टेल’ (१९४४) याविषयीं आमच्या व्यवसायबंधूंत एक मत रूढ आहे. चित्र सुंदर, केंटचा प्रदेश रमणीय, शेवटचें कॅथीड्रलमधील दृश्य तर हृदयंगम. फक्त ती डिंकाची भानगड कोणीं घुसडली कोण जाणे, ती गाळली असती तर चॉसरला शोभेसें चित्र झालें असतें! हें मत आम्हांस सर्वस्वीं चुकीचें वाटतें. डिंक गाळा, कीं या चित्राचें चॉसरशीं असलेलें नातेंच गळून पडतें.

कथानक थोडक्यांत असें. शेतकामावर आलेली लंडनची ॲलिसन, इंग्रज सार्जंट पीटर व अमेरिकन सार्जंट बॉब हीं तिघें एका रात्रीं केंटमधील एका कल्पित गांवीं उतरतात. अंधारांत कोणी इसम ॲलिसनच्या केसांवर डिंक ओततो. हा उद्योग गांवचे मॅजिस्ट्रेट कोलपेपर यांचा निघतो. मुली सैनिकांबरोबर रात्रीं फिरल्या नाहींत, तर सैनिक आपल्या इतिहासविषयक व्याख्यानांस येतील, असा त्यांचा हिशेब! प्राचीन यात्रामार्गावरील त्यांचें प्रेम खरें आहे. साधन मात्र निंद्य आहे.

आतां चॉसरकडे वळूं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या त्याच्या काव्यांतील मंडळी, ११७० सालीं मारल्या गेलेल्या टॉमस बेकेटच्या समाधीस निघाली आहे. पण तो निव्वळ भाविकांचा मेळा नव्हे. त्यांत पापक्षमेचीं पत्रें विकणारा पार्डनर आहे. आपण लोकांस फसवितों अशी कबुली तो स्वतः देतो, आणि लोभाच्या दुष्परिणामांवर उत्कृष्ट कथाही सांगतो. सदोष मुखांतून निघालेलें सत्य सत्यच राहतें काय, हा चॉसरचा प्रश्न. पॉवेल व प्रेसबर्गर यांनीं कोलपेपरच्या रूपानें तोच पुन्हां विचारला.

परंतु त्यांची आमची संगत येथवरच. पार्डनर शेवटीं सोबत्यांपुढेंच आपले खोटे पवित्र अवशेष करतो, तेव्हां सराईचा मालक हॅरी बेली सर्वांदेखत त्याची खरडपट्टी काढतो. तो रागानें मुका होतो, आणि मग नाइट दोघांचा समेट घडवितो. दोष उघड, शिक्षा उघड, क्षमाही उघड. उलट कोलपेपरला जाब विचारला जातो तो आगगाडीच्या एका डब्यांत. तक्रार करावयास निघालेला पीटर कॅथीड्रलमध्यें ऑर्गन वाजविण्यांत गढून जातो, आणि तक्रार राहते ती राहतेच. बॉबला प्रेयसीचीं पत्रें मिळतात. मृत समजलेला प्रियकर जिवंत असल्याची वार्ता ॲलिसनला मिळते. जून १९४२ मधील बाँबहल्ल्यानें उद्ध्वस्त झालेल्या शहरांत असें सांत्वन वांटण्याचा मोह आम्ही समजूं शकतों. पण ज्या इतर मुलींच्या केसांत डिंक गेला, त्यांच्या पदरांत काय पडलें?

ॲलिसन कोलपेपरना एक साधा प्रश्न करते: व्याख्यानास मुलींनाही बोलवावें, हें आपणांस कधीं सुचलें नाहीं काय? त्यांस तें खरोखरच सुचलेलें नसतें. चॉसरच्या मेळ्यांत बाथची बाई सर्वांपुढें मनसोक्त बोलते. कोलपेपरच्या सभेंत बाईला जागाच नव्हती. तरुण मंडळी वारसा ऐकत नाहीं म्हणून त्रागा करणारे आम्ही शिक्षक हें चित्र पाहतांना डिंकाची गोष्ट गाळूं इच्छितों, याचें कारण कलादृष्टि नव्हे. तो डिंक आमच्याच हातांस लागलेला आहे.