दगडाला दोष कशाला?

‘किल्लारीत दगडाच्या घरांनी माणसं मारली, आता स्लॅबचंच घर हवं.’ मराठवाड्यात हे इतकं सर्रास बोललं जातं की कुणी हरकतही घेत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत भूकंपाने जवळजवळ दहा हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या ढिगाऱ्याखाली. तो ढिगारा ज्यांनी उपसला, त्यांच्या मनात दगडाची धास्ती बसली यात नवल नाही. पण त्या दुःखातून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो पुन्हा जिवावर बेतू शकतो.

पडलेल्या भिंती कशा होत्या? दोन-अडीच फूट जाड, आत-बाहेर दगडांची दोन तोंडं, मध्ये कपच्या आणि माती. एका तोंडाला दुसऱ्याशी जखडणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं पडत आलेली पांढऱ्या मातीची भर. जमीन हलली तशी तोंडं एकमेकांपासून सुटली आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथे भिंती ढासळूनही कित्येक घरांचा सांगाडा उभा राहिला. दोष होता भिंत न सांधण्याचा.

त्याच वर्षी निघालेलं भारतीय मानक 13828 नेमकं हेच सांगतं. दगडी भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको. उंचीत दर 600 मिलिमीटरला, आडव्या अंगाने 1.2 मीटरच्या आत एक आरपार दगड हवा. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा, सळया घातलेला सलग पट्टा हवा. गावच्या गवंड्याला यातलं काय जमणार नाही? हा पट्टा बहुधा काँक्रीटचाच असतो, तेव्हा माझं सिमेंटशी वैर नाही.

वैर आहे ते सिमेंटवरच्या आंधळ्या भरवशाशी. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छ हादरलं आणि केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांतही असाच दोष दडलेला असतो. रिंगेचा आकडा 135 अंशांत आत वळवायचा असतो. घाईत तो 90 अंशांवर सोडला, तर धक्क्यासरशी उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. गिलावा झाल्यावर हे कुणाला दिसणार? शिवाय कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारायला काँक्रीटचं मानक सांगतं. एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते कोण मारतं?

घरकुलाचा हप्ता सोडताना सरकार बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो मागतं. त्यांत काँक्रीट ओतण्याआधीच्या रिंगांचा एक जवळून घेतलेला फोटो सक्तीचा करावा. आणि दगडाचं घर बांधू पाहणाऱ्याला ‘कच्चं घर’ म्हणून परत पाठवू नये. त्याच्याकडे आरपार दगडांचा आणि पट्ट्याचा फोटो मागावा.